‘स्टिंजी’च्या विरुद्ध शब्द कोणता? : इयत्ता सातवीच्या इंग्रजी शब्दपाठाचा विचार

गतवर्षी पावसाळ्याच्या अखेरीस बीटातील एका शाळेस भेट देण्याचा योग आला. सातवीच्या वर्गात गुरुजी इंग्रजीची तासिका घेत होते. फळ्यावर दोन रकाने आखून विरुद्धार्थी शब्दांच्या जोड्या स्वच्छ अक्षरात लिहिलेल्या होत्या. त्यांतील एक जोडी ‘स्टिंजी’ आणि ‘जेनरस’ अशी होती. पहिल्याचा अर्थ कंजूष, दुसऱ्याचा उदार. जोडी बरोबर होती. या शब्दांवर मुलांनी स्वतः रचलेली वाक्ये पाहावीत म्हणून मी काही वह्या हाती घेतल्या. एका मुलीने लिहिले होते, ‘माय फादर इज स्टिंजी’; आणि त्याखाली, ‘अवर नेबर इज जेनरस’. दोन्ही वाक्यांवर गुरुजींची लाल खूण होती. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्ये निर्दोष असल्याने मीही स्वाक्षरी करण्याच्या बेतात होतो.

सहज विचारले, “बाळ, हे कशावरून लिहिलेस?” ती म्हणाली, “साहेब, बाबा वहीचं शेवटचं पान भरल्याशिवाय नवी वही आणत नाहीत. बाजारात जातात, पण लागेल तेवढंच घेऊन परत येतात.” “आणि शेजारी?” “त्यांनी दादाच्या लग्नात सगळ्या गावाला जेवण घातलं. शहरातून बँड आणला.” वर्गात हशा पिकला आणि ती मुलगी खाली पाहू लागली.

तासिका संपल्यावर गुरुजींनी जे सांगितले, त्याने मी अंतर्मुख झालो. मुलीचे वडील गवंडीकाम करतात. शाळेच्या कुंपणाची भिंत लोकसहभागातून उभारावयाची ठरली, तेव्हा त्यांनी आपली आठ दिवसांची मजुरी सोडून ते काम विनामूल्य करून दिले होते. शेजाऱ्यांच्या जेवणावळीचे कर्ज मात्र अद्याप फिटलेले नव्हते.

म्हणजे ज्याने दिले त्यास आम्ही कंजूष ठरविले, आणि ज्याने उसन्या पैशाने थाट केला त्यास उदार म्हटले. हे एका मुलीने आपल्या हाताने लिहिले, आणि शाळेने त्यावर ‘बरोबर’ अशी खूण केली. दोष मुलीचा नव्हता आणि केवळ गुरुजींचाही नव्हता. दोष त्या दोन रकान्यांचा होता. तिसरा आणि चौथा रकाना फळ्यावर नव्हताच. प्रस्तुत लेखात या उणिवेचा विचार करून, शब्दपाठ कसा घ्यावा याचे दिग्दर्शन करण्याचा प्रयत्न केला आहे. इंग्रजी शब्द येथे नागरी लिपीत दिले आहेत. वर्गात ते फळ्यावर रोमन लिपीत लिहावेत.

विरुद्धार्थी शब्दांचे प्रकार

सर्व विरुद्धार्थी जोड्या एकाच जातीच्या नसतात. काही जोड्यांत मधली अवस्था संभवत नाही. दिवा लागलेला असतो किंवा नसतो. झाड जिवंत असते किंवा मेलेले. काही जोड्यांत मात्र पायऱ्या असतात. ‘हॉट’ आणि ‘कोल्ड’ यांच्यामध्ये ‘वॉर्म’ आणि ‘कूल’ हे शब्द आहेत, हे आपण मुलांना शिकवितोच.

माणसाच्या गुणावगुणांचे शब्द यांहून वेगळे आहेत. तेथे उणेपणा हा एक दोष, अतिरेक हा दुसरा दोष, आणि त्या दोहोंच्या मध्ये गुण असतो. भित्रा माणूस एका टोकास, अविचाराने धोक्यात उडी घेणारा दुसऱ्या टोकास, आणि शूर पुरुष मध्ये. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातील ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने आपल्या नीतिशास्त्रात हा विचार विस्ताराने मांडला आहे. पैशाच्या देण्याघेण्याचे उदाहरणही त्याने घेतले असून कृपणता आणि उधळेपणा हे दोन दोष व औदार्य हा त्यांच्यामधील गुण, असे सांगितले आहे. दोन्ही टोके परस्परांच्या विरुद्ध असतात, तशीच ती मधल्या गुणाच्याही विरुद्ध असतात, हे त्याचे म्हणणे आपल्या पाठास फार उपयोगी आहे. कारण त्यावरून असे दिसते, की ‘स्टिंजी’ला एक नव्हे, तर दोन प्रकारचे विरुद्ध शब्द आहेत. एक गुण दाखविणारा, दुसरा दोष दाखविणारा.

परंतु एवढ्याने त्या गवंड्याचा प्रश्न सुटत नाही. त्याच्यासाठी आणखी एक भेद करावा लागतो. ‘हा माणूस आवश्यक नसलेला खर्च किती करतो?’ हा एक प्रश्न, आणि ‘जेथे द्यावयास हवे तेथे हा देतो काय?’ हा दुसरा प्रश्न. काटकसर हे पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे; कंजुषी व औदार्य ही दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे आहेत. दोन प्रश्न वेगळे असल्यामुळे एकच मनुष्य काटकसरीही असू शकतो आणि उदारही. काटकसरीच्या विरुद्ध उधळपट्टी. कंजुषीच्या विरुद्ध औदार्य. मुलांच्या मनावर बिंबवावयाचे ते हेच.

आपल्या मुलांना हे समजावून देण्यास गाडगे महाराजांच्या चरित्राइतके जवळचे उदाहरण दुसरे नाही. 1876 ते 1956 हा त्यांचा जीवनकाल. अंगावर चिंध्यांचे वस्त्र आणि हाती मातीचे गाडगे, एवढाच त्यांचा स्वतःवरील खर्च. परंतु पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांना ‘फ्रुगल’ म्हणता येईल, ‘जेनरस’ही म्हणता येईल. ‘स्टिंजी’ म्हणण्यास कोण धजेल?

शब्दांचे चार गट

पहिला गट, न देणाऱ्यांचा. ‘स्टिंजी’ हा शब्द प्रथम घ्यावा. याचा उच्चार ‘स्टिंगी’ असा करू नये. ‘स्टिंग’ म्हणजे नांगी किंवा दंश. त्या शब्दापासूनच हा शब्द बहुधा आला असावा, असे कोशकार मानतात. ‘माय्झर’ हे नाम आहे. मूळ लॅटिन भाषेत त्याचा अर्थ दीन, दुःखी असा होता. ‘मिझरी’ हा दुःखवाचक शब्द त्याच मुळातून आला. आपल्या ‘कृपण’ शब्दाचाही संस्कृतात मूळ अर्थ दीन, केविलवाणा असाच आहे. दोन दूरच्या भाषांनी धन साठवून बसणाऱ्यास एकाच नजरेने दीन मानावे, ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. ‘मीन’ हा शब्द इंग्लंडमध्ये कंजूष या अर्थी नेहमी वापरतात. अमेरिकेत मात्र तो बहुधा दुष्टपणे वागणारा या अर्थी येतो. ‘टाइट-फिस्टेड’ म्हणजे घट्ट मुठीचा. आपण ‘हात आखडता घेतो’ म्हणतो तसाच. चार्ल्स डिकन्सच्या 1843 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नाताळकथेतील स्क्रूज हा कृपण म्हातारा तर इतका प्रसिद्ध झाला, की त्याचे नावच इंग्रजीत कंजूष माणसास लावू लागले. कथेच्या शेवटी तो उदार होतो. लोकांच्या तोंडी मात्र त्याचे पहिले रूपच राहिले.

दुसरा गट, योग्य तेथे देणाऱ्यांचा. ‘जेनरस’ हा या गटातील सर्वांत उपयोगी शब्द. लॅटिनमधील त्याच्या मूळ शब्दाचा अर्थ कुलीन. इंग्रजीतही तो प्रथम कुलीन व थोर मनाचा या अर्थाने आला आणि पुढे देणारा या अर्थी रूढ झाला. आपल्या ‘उदार’ शब्दाचाही जुना अर्थ उच्च, थोर असा आहे. ‘लिबरल’ हा शब्द लॅटिनमधील ‘मुक्त’ या अर्थाच्या शब्दापासून निघाला. मुक्त माणसास शोभेल तसा देणारा तो लिबरल. आपण ‘मुक्तहस्ते’ म्हणतो, त्याची येथे आठवण करून द्यावी. वृत्तपत्रांतून हा शब्द राजकीय मतासंबंधीही येतो. तो अर्थ वेगळा आहे, हे सांगून ठेवावे. ‘ओपन-हँडेड’ म्हणजे सढळ हाताचा.

याच गटात काही शब्दांची जागा ठरलेली आहे. ‘म्युनिफिसंट’ हा मोठ्या देणगीस किंवा मोठ्या दात्यास लावतात. शेजाऱ्यास वाटीभर साखर देणाऱ्यास तो लावला तर हसे होईल. ‘बाउंटिफुल’ हा बहुधा निसर्गाच्या देण्यास, भरघोस पिकास शोभतो. ‘चॅरिटेबल’ म्हणजे गरजूंना साह्य करणारा. दुसऱ्याच्या चुकीकडे सहानुभूतीने पाहणाऱ्यासही हाच शब्द लावतात. ‘मॅग्नॅनिमस’ची रचना आपल्या ‘महात्मा’ शब्दासारखी, मोठे मन अशी आहे. पैशापेक्षा क्षमेशी त्याचा संबंध अधिक. पराभूत प्रतिस्पर्ध्याशी थोरपणाने वागणारा तो मॅग्नॅनिमस. ‘फिलँथ्रॉपिस्ट’ हा ग्रीक मुळाचा शब्द. मानवावर प्रेम करणारा असा त्याचा अर्थ. स्कॉटलंडमध्ये 1835 साली एका हातमाग विणकराच्या घरी जन्मलेला आणि अमेरिकेत पोलादाच्या व्यवसायात धनाढ्य झालेला अँड्र्यू कार्नेगी याने अडीच हजारांहून अधिक ग्रंथालयांच्या इमारतींसाठी पैसा दिला. फिलँथ्रॉपिस्ट म्हणून त्याचे नाव नेहमी घेतले जाते.

तिसरा गट, अतिरेक करणाऱ्यांचा. ‘एक्स्ट्रॅव्हॅगंट’चा मूळ अर्थ हद्दीबाहेर भटकणारा. खर्चाची हद्द ओलांडणारा, हा आजचा अर्थ त्यातूनच आला. ‘प्रॉडिगल’ म्हणजे उधळ्या. बायबलमधील वडिलांची संपत्ती उडवून घरी परतणाऱ्या मुलाच्या कथेमुळे ‘प्रॉडिगल’ म्हणजे परत आलेला, असा पुष्कळांचा ग्रह होतो. तो चुकीचा आहे. ‘स्पेंडथ्रिफ्ट’ या शब्दाने तर नेहमीच फसगत होते. शेवटी ‘थ्रिफ्ट’ पाहून मुले त्याचा अर्थ काटकसरी असा करतात. येथे ‘थ्रिफ्ट’ म्हणजे साठवलेली पुंजी, आणि ती खर्चून टाकणारा तो स्पेंडथ्रिफ्ट. ‘लॅव्हिश’ हा शब्द सीमेवरचा आहे. जुन्या फ्रेंच भाषेतील मुसळधार पावसाच्या शब्दापासून तो आला. पाहुणचार लॅव्हिश असेल तर स्तुती होते. खर्च लॅव्हिश असेल तर बहुधा निंदा. संदर्भ पाहूनच अर्थ ठरवावा.

चौथा गट, जपून खर्च करणाऱ्यांचा. ‘थ्रिफ्टी’, ‘फ्रुगल’ आणि ‘इकॉनॉमिकल’. ‘थ्रिफ्टी’चे नाते भरभराट होणे या अर्थाच्या ‘थ्राइव्ह’ या क्रियापदाशी आहे. ‘फ्रुगल’च्या मुळाशी फळ, पीक या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. म्हणजे जतन करण्यातून वाढ होते आणि फळ मिळते, ही जाण या शब्दांच्या पोटातच आहे. ‘इकॉनॉमिकल’ हा ग्रीक भाषेतील घराच्या व्यवस्थेसंबंधीच्या शब्दावरून आला. हे तिन्ही शब्द निंदेचे नव्हेत. त्या मुलीस हव्या असलेल्या शब्दांचा गट हाच होता.

पाठाची मांडणी

हा पाठ इयत्ता सहावी किंवा सातवीसाठी दोन तासिकांत घ्यावा. एका पाठात सहांपेक्षा अधिक नवे शब्द देऊ नयेत. स्टिंजी, जेनरस, लिबरल, थ्रिफ्टी, एक्स्ट्रॅव्हॅगंट आणि स्पेंडथ्रिफ्ट एवढे पुरेत. इतर शब्द शिक्षकांच्या माहितीसाठी आहेत. योग्य प्रसंग येईल तेव्हा ते एकेक करून द्यावेत. साहित्य म्हणून फळा आणि मूठभर चिंचोके एवढेच लागेल.

1. प्रस्तावना. मुलांना मराठीतील शब्द विचारावेत. चिक्कू, कंजूष, कवडीचुंबक, काटकसरी, उदार, दिलदार, सढळ हाताचा, उधळ्या असे शब्द मुले भराभर सांगतील. ते क्रम न लावता फळ्यावर लिहावेत आणि यांतील कोणते चांगले, कोणते वाईट, हे मुलांकडूनच काढून घ्यावे.

2. हेतुकथन. ‘आज आपण पैसा वापरणाऱ्या माणसांसाठी इंग्रजीत कोणते शब्द आहेत ते पाहू आणि कोणता शब्द कोणास लावावा हे ठरवू,’ असे सांगावे.

3. विषयविवेचन. चार मुलांस पुढे बोलावून प्रत्येकास 10 चिंचोके द्यावेत. ही एका दिवसाची मजुरी समजावी. पहिला घरखर्चास 4 ठेवतो, 6 साठवतो आणि आजारी शेजारी औषधासाठी मागावयास आला तरी एकही देत नाही. दुसरा 4 घरखर्चास ठेवतो, 4 साठवतो, 2 शेजाऱ्यास देतो. तिसरा सर्व 10 एका मेजवानीत उडवितो आणि आणखी 5 उसने घेतो. चौथा 5 खर्च करतो, 5 साठवतो; त्याच्याकडे मागावयास कोणी आलेलेच नाही. आता इंग्रजी शब्द द्यावेत आणि प्रत्येकास कोणता शब्द लागू पडतो ते विचारावे. पहिला स्टिंजी आणि तिसरा एक्स्ट्रॅव्हॅगंट, हे मुले लगेच सांगतील. दुसरा थ्रिफ्टी आणि जेनरस दोन्ही आहे, येथे वर्ग थोडा थबकेल, थबकू द्यावे. चौथ्याविषयी, तो थ्रिफ्टी आहे, परंतु स्टिंजी की जेनरस हे आपणांस ठाऊक नाही, हे उत्तर आले म्हणजे पाठ साधला असे समजावे.

4. दृढीकरण. फळ्यावर दोन जोड्या स्वतंत्र लिहाव्यात : स्टिंजी व जेनरस, थ्रिफ्टी व एक्स्ट्रॅव्हॅगंट. ‘जेनरस’ शब्दापुढे व्यक्ती आली तर ‘टू’ आणि वस्तू आली तर ‘विथ’ हे शब्दयोगी अव्यय वापरतात, हे वाक्यांतून दाखवावे. ‘शी इज जेनरस टू हर फ्रेंड्स’. ‘ही इज जेनरस विथ हिज टाइम’. दुसरे वाक्य मुद्दाम घ्यावे. ज्याच्याजवळ पैसा नाही तोही वेळ, श्रम, ज्ञान देऊन उदार होऊ शकतो, हे त्यातून मुलांना कळते. गरीब घरांतील मुलांना हे कळणे अगत्याचे आहे.

5. उपयोजन. मुलांना गोष्टीतील किंवा इतिहासातील एक व्यक्ती निवडून दोन वाक्ये लिहावयास सांगावीत. दुसऱ्या वाक्यात ‘बिकॉज’ हा शब्द असलाच पाहिजे, असा नियम ठेवावा. कारण दिल्यावाचून विशेषण लावू नये, ही सवय भाषेच्या तासिकेतच लागते.

काही दक्षता

प्रथम, गुणावगुणांच्या शब्दांवर वाक्ये लिहून घेताना मुलांच्या घरातील माणसांचा विषय देऊ नये. अपरिपक्व वयात लावलेले विशेषण मनात घट्ट रुजते, आणि वर्गातील हशाने ते अधिकच खोल जाते. मुलाने आपणहून घरचा विषय घेतला असेल, तर वर्गासमोर न वाचता त्याच्याशी एकट्याने बोलावे.

दुसरे, उत्तरसूचीतील एकच शब्द प्रमाण मानू नये. माझ्या सेवेच्या आरंभीच्या काळात, राज्यात इंग्रजी पाचवीपासून शिकविले जात असता, एका मुलाने ‘स्टिंजी’च्या विरुद्ध ‘लिबरल’ असे लिहिले होते. मार्गदर्शिकेत ‘जेनरस’ असल्यामुळे मी ते खोडून शून्य गुण दिले. शब्दकोश शाळेच्या कपाटात होता. तो उघडण्याचे कष्ट मी घेतले नाहीत. त्या मुलाने नंतर प्रश्नाची उत्तरे पाठ केलेलीच लिहिली. 2000 सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाल्याने अशा चुकीला वाव अधिक आहे, कमी नव्हे. मुलाचे उत्तर निराळे दिसले तर प्रथम कोश पाहावा, आणि शंका राहिल्यास त्या शब्दावर वाक्य करावयास सांगावे. वाक्य बरोबर असेल तर गुण द्यावेत.

तिसरे, शब्दाची खूण आणि वाक्याची खूण वेगळी ठेवावी. व्याकरण शुद्ध असूनही विधान चुकीचे असू शकते. अशा वेळी ‘रचना बरोबर, शब्दाचा पुन्हा विचार कर’ एवढा शेरा लिहावा.

पंधरा दिवसांनी मी त्या शाळेत पुन्हा गेलो. गुरुजींनी चिंचोक्यांचा पाठ घेतला होता. मुलीने जुनी वाक्ये खोडली नव्हती. खाली नवे लिहिले होते : ‘माय फादर इज थ्रिफ्टी, बिकॉज ही सेव्ह्ज मनी. ही इज जेनरस, बिकॉज ही मेड अवर स्कूल वॉल.’ शेजाऱ्यांविषयी तिने काहीच लिहिले नव्हते. कारण विचारता म्हणाली, “साहेब, त्यांचं मला पुरतं माहीत नाही.”

या वेळी मात्र मी स्वाक्षरी केली.

केंद्रातील शिक्षक बंधुभगिनींनी हा पाठ आपापल्या वर्गात घेऊन पाहावा, आणि मुलांची वाक्ये पुढील शिक्षण परिषदेस सोबत आणावीत, अशी विनंती आहे. ‘शूर’, ‘नम्र’, ‘हुशार’ या शब्दांनाही दोनच रकाने पुरतात काय, याचा विचार त्या वेळी एकत्र बसून करता येईल.